घरून काम करताना कंपनीचा डेटा सुरक्षित कसा ठेवायचा? व्हीपीएन पुरेसं आहे का?

नाही. व्हीपीएन तुमच्या लॅपटॉपपासून ऑफिसपर्यंतचा रस्ता झाकतं. लॅपटॉपवर घरातलं कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. उलट लॅपटॉपात घाण शिरली तर ती त्याच रस्त्याने थेट ऑफिसात जाते.

मी जुळे सोलापुरात राहते, 2020 पासून पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. हॅकर-बिकर अजून एकही भेटला नाही. भेटले ते आमच्या नणंदेचे मालक, अण्णा.

मे महिना. नणंद माहेरी आलेली. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की मीटिंग असली तरी उठावंच लागतं. त्या दुपारी खालून हाक आली आणि मी लॅपटॉप तसाच उघडा टाकून पळाले. हौद, मग मोटार, मग पिंपं. अर्ध्या तासाने वर आले तर अण्णा माझ्या खुर्चीत. भाच्याचं सीईटीचं हॉल तिकीट पेनड्राइव्हवर घ्यायचं होतं म्हणे. आणि तो पेनड्राइव्ह गावातल्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडे पाहुणचार घेऊन आलेला.

आत बघितलं तर प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात छोटासा बाण. अण्णांनी 'लग्न' नावाचं फोल्डर उघडलं होतं, फोटोही दिसले होते, मग शंका कशाला येईल? शॉर्टकट व्हायरस असाच असतो. खरं फोल्डर लपवतो, त्याच नावाचा शॉर्टकट मांडून ठेवतो, आणि तुम्ही क्लिक केलं की स्वतः चालू होऊन वर फोल्डरही उघडून देतो.

कंपनीने दहा मिनिटांत लॅपटॉप नेटवर्कवरून तोडला. फॉरमॅटसाठी कुरिअरने पुण्याला, चार दिवस बिनपगारी, वर मॅनेजरला लेखी खुलासा. 'नणंदेचे यजमान' इंग्रजीत कसं लिहायचं यातच माझा अर्धा तास गेला.

आणि घरात बोलणी कुणाला? मला! "वहिनी, एवढं काय करलालाव, पेनड्राइव्हच तर होता." मग मी दोन मिनिटांत आपोआप लॉक होईल असं करून घेतलं, तर सासूबाई म्हणाल्या, घरातल्या माणसांना कुलूप? तेव्हा गप्प बसले, आता सांगते. कपाटाच्या लॉकरची किल्ली त्यांच्या कमरेला असते, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. लॅपटॉप तर माझाही नाही, कंपनीचा आहे. त्यात परक्या लोकांचे पगार आणि खातेनंबर आहेत.

म्हणून उठताना विंडोज आणि एल ही दोन बटणं दाबायचीच, दूध उतू जात असलं तरी. यूएसबी बंद करून द्या असं ऑफिसला स्वतःहून सांगा, पाहुण्यांना नकार द्यायला बरं पडतं, "कंपनीनेच बंद केलंय." वायफाय पाहुण्यांना आणि टीव्हीला वेगळं, गेस्टचं द्या, आणि राऊटर बसवताना असलेला अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. आयटीमधून बोलतोय म्हणत कुणी एनीडेस्क (लांबून दुसऱ्याला तुमचा लॅपटॉप चालवू देणारं अ‍ॅप) टाकायला लावलं तर फोन ठेवा आणि ऑफिसच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः विचारा. ओटीपीचं सांगत बसत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

हां, एकटे राहत असाल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही. आणि लॅपटॉप उघडा मीच टाकला होता, हेही खरं. पण ते मी घरात कबूल केलेलं नाही, करणारही नाही.

अण्णांचं ते 'लग्न' फोल्डर शेवटी मीच नवऱ्याच्या जुन्या पीसीवर, नेट काढून, लपलेल्या फाइलींतून शोधून दिलं. चारशे फोटो. त्यात मी तीन फोटोंत आहे, एकात डोळे मिटलेले.