कुदळ आधी कुठे पडावी?

ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांचे रस्त्यांविषयीचे प्रश्न. उत्तरं देताहेत सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता.

प्रश्न : घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम चालू असतानाच सेवा रस्ता मुख्य रस्त्यात मिसळायला घेतला. त्यात जलवाहिन्यांसाठी खोदकाम. केलेलं डांबर पुन्हा उखडतात. याला नियोजन म्हणायचं का? – एक वाचक, कासारवडवली

नियोजन असतं हो, पण ते रस्ता पूर्ण झाल्यावर कसा दिसेल याचं. काम चालू असताना तो चालेल कसा, याचा आराखडा वेगळा काढावा लागतो, आणि निविदेच्या जाडजूड बाडात तो बरेचदा दोन पानांत उरकलेला असतो.

तुमच्या सेवा रस्त्याखाली सगळ्यांचा संसार आहे : पाणी, मलवाहिनी, वीज, गॅस, इंटरनेटच्या केबली. इतकी वर्षं त्यावरून रिक्षा आणि शाळेच्या बस जात होत्या. तोच पट्टा मुख्य रस्त्यात गेला की वरून कंटेनर जाणार. म्हणून आधी ह्या वाहिन्या हलवायच्या, मग पावसाळी गटार, मग खडीचे थर आणि डांबर. त्यावर वाहतूक वळवली की मधली जागा कामाला मोकळी होते. हा क्रम उलटला की डांबर उखडणारच. कागदावरच्या जागेवर विसंबूनही चालत नाही. नकाशात केबल मीटरभर खोल दाखवलेली असते आणि पहार हातभर गेली की ठिणगी उडते. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर हाताने चाचणी खड्डे घ्यावे लागतात. ह्या कामाचं उद्घाटन होत नाही, म्हणून ते कुणाला आवडत नाही.

क्रम नीट लावलेला पाहायचा असेल तर कोपरीचा रेल्वेपूल आठवा. पूर्व द्रुतगती मार्गाच्या येणाऱ्या-जाणाऱ्या मिळून आठ मार्गिका आणि पुलावर मात्र जेमतेम चार. जुना पूल आधी पाडला असता तर ठाणं मुलुंडपासून तुटलं असतं. तिथे जुन्याला हात न लावता दोन्ही अंगांना नव्या मार्गिका बांधल्या, त्या २०२१मध्ये खुल्या केल्या, वाहतूक तिकडे सरकवली आणि मगच मधला जुना पूल काढून नवा केला. पूर्ण पूल मिळायला २०२३ उजाडलं. उशीर झाला, लोकांनी शिव्याही घातल्या, पण रस्ता एकदाही पूर्ण तुटला नाही.

घोडबंदरची आणखी एक अडचण आहे. उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारा माल मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा करत ह्याच रस्त्याने गायमुखचा घाट चढतो. दिवसा ठरावीक तासांत अवजड वाहनांना बंदी, म्हणून ती रात्री सुटतात. आमच्या हिशेबात एक ट्रक म्हणजे साधारण तीन मोटारी. तेव्हा ‘रात्रीचं काम करा ना’ हा सल्ला इथे निम्माच लागू पडतो.

प्रश्न : त्यापेक्षा रस्ता पूर्ण बंद करून एकदाच का उरकत नाहीत? – एक वाचक, ऐरोली

ऐरोलीकराने हे विचारावं? २०१८मध्ये मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी मे महिन्यात बंद झाला आणि सप्टेंबरमध्ये उघडला. मधला सगळा पावसाळा. अवजड गाड्यांचा भार ठाणे-बेलापूर रस्त्यावर आणि तुमच्या ऐरोलीच्या चौकात आला, तो तुम्ही विसरलात?

तरी मी पूर्ण बंदच्या विरोधात नाही. घाटात किंवा पुलाच्या स्लॅबवर अर्धवट काम करण्यात अर्थ नसतो. काँक्रीटची ताकद २८ दिवसांवर तपासतात, आणि शेजारच्या मार्गिकेत ट्रेलर दणदणत असताना नवा स्लॅब नीट बसत नाही. माझा आग्रह एवढाच की पर्यायी रस्त्याचे खड्डे ‘बंद’ची सूचना निघण्याआधी बुजलेले हवेत, आणि काम दिवाळीनंतर सुरू होऊन मेअखेर संपायला हवं. ओल्या पृष्ठभागावर डांबर धरत नाही, मग पैसा कितीही ओता.

प्रश्न : वाशीच्या खाडीवर तिसरा पूल झाला. पुढे कोंडी आहेच. – एक वाचक, नेरूळ

नाला साफ करताना आपण तोंडापासून सुरुवात करतो, वरून नाही. महामार्गाचंही तेच. पूल जास्त गाड्या सोडतो, पुढचे चौक आणि उतारमार्ग मात्र तेवढेच राहतात, म्हणून गाठ सुटत नाही, ती पुढे सरकते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर घणसोली-तळवलीचा उड्डाणपूल, सविता केमिकलजवळचा पूल आणि महापेचा भुयारी मार्ग हे २०१८ सालीच खुले झाले. ओळीतले सिग्नल एका दमात गेले, म्हणून फरक जाणवला. त्यातला एकच पूल आधी केला असता तर त्या रस्त्यावरही हीच तक्रार ऐकू आली असती.

प्रश्न : आमच्या सोसायट्यांना अधिकाऱ्यांनी रस्त्याच्या कामासंदर्भात बैठकीला बोलावलंय. काय विचारावं? – एक सचिव, पातलीपाडा

‘काम कधी संपणार’ हे विचारू नका, तारीख मिळेल आणि उडेल. टप्पानिहाय वाहतूक आराखडा मागा. प्रत्येक टप्प्यात किती मार्गिका चालू राहणार, टीएमटी बसचा थांबा कुठे हलणार, म्हाताऱ्या माणसांनी रस्ता कुठे ओलांडायचा, हे त्यात नकाशासकट असलं पाहिजे. वाहतूक सांभाळणाऱ्या वॉर्डनचा आणि रात्री चमकणाऱ्या फलकांचा खर्च निविदेत धरलाय का, तेही विचारा. धरला नसेल तर पहिल्या महिन्यानंतर वॉर्डन दिसणार नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी-५५ ही मार्गदर्शिका सूचनाफलक कामाच्या किती आधी हवा, मार्गिका कशी हळूहळू अरुंद करायची हे सांगते. तिचं नाव घेतलंत की समोरचा सावरून बसेल.

आणि बैठकीचं इतिवृत्त मागून घ्या. त्यावर सही कार्यकारी अभियंत्याची हवी, ठेकेदाराच्या सुपरवायझरची नको.