रोजच्या इंग्रजीत कॅपिटल अक्षरं पाळली नाहीत तर काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की व्हॉट्सॲपवर तुम्ही सगळं इंग्रजी स्मॉलमध्येच टाइप करता आणि मुलगी त्यावरून टोकते. घरच्या ग्रुपवर लिहीत असाल तर काहीही बिघडत नाही, खुशाल लिहा. 'मी' या अर्थाचा 'आय' स्मॉल काढला म्हणून कुणाचा गैरसमज होत नाही. जर्मनमध्ये प्रत्येक नाम कॅपिटलने सुरू होतं, पण वाक्याच्या मधला 'मी' तिथे स्मॉलच असतो. इंग्रजीला मात्र तो कुठेही मोठाच लागतो.

देवनागरीत हा लहान-मोठा भेदच नाही, आणि त्यावाचून आपलं काही अडलेलं नाही. म्हणून हे सगळे नखरे वाटतात. मलाही वाटायचे. नोकरीला नवा लागलो तेव्हा इंग्लंडमधल्या एका ग्राहकाला मी अख्खी मेल कॅपिटलमध्ये पाठवली. ऑफिसातली जुनी मंडळी तशीच लिहायची, टेलेक्सच्या, म्हणजे तारेवरून मजकूर छापणाऱ्या जुन्या यंत्राच्या काळातली सवय; त्यात लहान-मोठा भेद नसायचा. मला ते ठसठशीत वाटलं. त्याचं उत्तर आलं: आमच्याकडून काही चूक झाली आहे का? मी फक्त माल कधी पोचेल ते कळवलं होतं, त्याला वाटलं मी ओरडतोय. अमेरिकेतल्या राष्ट्रीय हवामान सेवेचे अंदाजही टेलिप्रिंटरच्या सवयीने असेच कॅपिटलमध्ये निघायचे. ते बंद व्हायला २०१६ साल उजाडलं. म्हणून सांगतो, सगळं स्मॉल परवडलं, सगळं कॅपिटल नको.

आपल्याकडच्या अर्जांचा रोग आणखी वेगळा. जो शब्द महत्त्वाचा वाटतो त्याला कॅपिटल: लीव्ह, मॅनेजर, सॅलरी, सगळ्यांना मान. हसू नका, एकेकाळी इंग्रजही नामांना असाच मान द्यायचे. १७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्याच वाक्यात 'पीपल', 'युनियन', 'जस्टिस', इतकंच काय साधा 'ऑर्डर'सुद्धा कॅपिटलने लिहिलाय. आज मात्र नोकरीच्या अर्जात हे जुनाट दिसतं. तिथे वाक्याची सुरुवात, 'आय', नावं, वार आणि महिने एवढं सांभाळलं की पुरे.

अर्थच बदलतो अशा जागा थोड्या, पण आहेत. एकाच स्पेलिंगचा शब्द कॅपिटल 'पी'ने लिहिला तर पोलंडचा 'पोलिश', स्मॉलने लिहिला तर बुटाचं पॉलिश. आणि रोजच्या वापरातला म्हणाल तर इंटरनेटचा वेग. स्मॉल 'बी' म्हणजे बिट, कॅपिटल 'बी' म्हणजे बाइट. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे आठपट फरक. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) जाहिरातीतला 'बी' स्मॉल असतो, म्हणून फाइल उतरवताना सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट दिसतात. नेटवाल्याशी भांडायला जाण्याआधी तो 'बी' कुठला आहे ते बघून घ्या. मी न बघता गेलो होतो.