आउटडोअर शूटसाठी पोर्टेबल स्लायडर: ६० सेंमी की १२०, मोटरवाला की हाताचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिररलेस कॅमेऱ्यावर व्यावसायिक व्हिडिओ करता, बहुतेक शूट उघड्यावर असतं, अनेकदा एकटेच असता. नेता-आणता येईल असा स्लायडर, म्हणजे कॅमेरा सरळ रेषेत सरकवायची रेल, घ्यायचाय आणि लांबी व मोटर या दोन गोष्टींवर गाडी अडलीय.

मी बरीच वर्षं माहितीपट आणि जाहिरातींच्या शूटवर स्लायडर वापरते आहे. तुमच्या कामाला मी ६० सेंमीच्या आसपासचा, हाताने चालणारा, फ्लायव्हील (वेग एकसारखा ठेवणारं जड चाक) असलेला स्लायडर घेईन. त्याला नंतर मोटर जोडता आली पाहिजे, स्वतःचे पाय असावेत आणि पोटाखाली मजबूत स्क्रूची जागा हवी. पण लांबीचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. बाहेर स्लायडरचे शॉट वाया जातात ते बहुतेकदा बैठक, म्हणजे रेल जिच्यावर टेकते तो आधार, हलल्यामुळे. रेल आखूड पडली म्हणून शॉट गेला असं माझ्याबाबतीत फार क्वचित झालंय.

आधी लांबीचंच घेऊ, म्हणजे ती शंका मिटेल. स्लायडरच्या शॉटमध्ये डोळ्याला जे जाणवतं, ते जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींवरून सरकणं. जवळची वस्तू ६० सेंमीवर असेल आणि कॅमेरा ६० सेंमी सरकला, तर तिच्याकडे बघण्याचा कोन ४५ अंशांनी बदलतो. तीच वस्तू ६ मीटरवर असेल तर जेमतेम ६ अंश. तिथे १२० सेंमीची रेल आणलीत तरी साधारण ११ अंशच होतात. म्हणजे दुप्पट लांबीचं ओझं वाहण्यापेक्षा कॅमेरा गवताच्या पात्यांजवळ, कुंपणाच्या खांबाजवळ, एखाद्या कठड्याला खेटून लावा. फोरग्राउंड जवळ आलं की ६० सेंमीतही शॉट भरगच्च दिसतो. मोकळ्या मैदानात, जवळ काहीच नसताना, १२० सेंमी सरकूनही कॅमेरा उभाच आहे असं वाटतं.

आता बैठक. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण विकत घेताना याकडे कुणी बघत नाही.

एकदा पहाटे नदीकाठी शूट होतं. वाळूत ओढून ठेवलेल्या एका होडीच्या दिशेने कॅमेरा हळूहळू पुढे न्यायचा होता. रेल ट्रायपॉडच्या फ्लुइड हेडवर (कॅमेरा सावकाश फिरवायच्या डोक्यावर) मधोमध बसवली, टिल्टचं, म्हणजे वर-खाली झुकण्याचं, लॉक हाताने घट्ट केलं, चार टेक घेतले. छोट्या मॉनिटरवर सगळं नीट दिसत होतं. एडिटला मोठ्या स्क्रीनवर बघितलं तेव्हा कळलं की कॅमेरा रेलच्या पुढच्या टोकाकडे गेला की फ्रेम किंचित खाली वाकतेय आणि पलीकडच्या काठाची रेघ हळूच वर चढतेय. चारही टेकमध्ये तेच. धुकं पुन्हा तसं मिळालं नाही. दोष रेलचा नव्हताच. ३ किलोचा कॅमेरा हेडच्या मध्यापासून हातभर लांब गेल्यावर जो पीळ पडतो, तो त्या लॉकला पेलला नाही.

तेव्हापासून मी स्लायडर फ्लुइड हेडवर लावत नाही. हेड काढून रेल थेट ट्रायपॉडच्या बेसवर किंवा लेव्हलिंग बेसवर (सपाटी जुळवायच्या बैठकीवर) बसवते आणि हेड, लागलंच तर, वर कॅरेजवर, म्हणजे रेलवरून सरकणाऱ्या पाटीवर. म्हणून रेलच्या पोटाखाली ३/८ इंचाचा स्क्रू बसेल असं भोक आहे का ते बघा. नुसतं १/४ इंचाचं एकच भोक असेल तर कॅमेरा टोकाला गेला की रेल त्या स्क्रूभोवती फिरायला बघते. शेजारी दुसरं भोक किंवा न फिरण्यासाठी खाच असेल तर फारच छान.

रेल स्वतःही वाकते. मधोमध आधार दिलेल्या रेलचं टोक मध्यापासून जितकं लांब, त्याच्या घनाच्या प्रमाणात ते खाली जातं. एकाच जाडीच्या दोन रेल घ्या, एक दुप्पट लांब: तिचं टोक ८ पट खाली जाईल आणि झुकण्याचा कोन ४ पट होईल. कॅमेरा रेलला काटकोनात बघत असेल तर हा झोल क्षितिजात दिसतो. डाव्या टोकाला क्षितिज एकीकडे कलतं, उजव्या टोकाला दुसरीकडे, आणि सबंध शॉट तराजूच्या दांडीसारखा झुलतो. समुद्र, इमारतींच्या कडा, लांबवर गेलेला रस्ता, अशा सरळ रेघा फ्रेममध्ये असल्या की हे लगेच डोळ्यात भरतं. १२० सेंमीची रेल घेतलीत तर दोन ट्रायपॉड किंवा टोकाला टेकू लागतोच लागतो. एकट्याने ते सगळं वाहून टेकडी चढायची असेल तर विचार करा.

रेलच्या स्वतःच्या पायांचंही तसंच. चारही पाय वेगवेगळ्या कोनात फिरून लॉक होतात का? ते रुंद फाकतात का, की रेलच्याच पट्टीत उभे राहतात? रबराच्या टोकाआड टोकदार खिळा आहे का? दगडगोट्यांवर रबर घसरतं आणि ओल्या मातीत नुसता खिळा आत रुतत जातो, म्हणून दोन्ही हवं. मऊ जमिनीवर मी पायांखाली प्लायवूडचे तळहाताएवढे तुकडे ठेवते. बबल लेव्हल रेलवरच बसवलेली असावी. कॅरेजवरची लेव्हल कॅरेज जिथे असेल तिथलंच सांगते, म्हणून ती वापरायची झाली तर दोन्ही टोकांना नेऊन बघायची.

बेअरिंग हा दुसरा महत्त्वाचा भाग. साधारण दोन जाती आहेत: गोळ्यांची किंवा रोलरची बेअरिंग, आणि प्लास्टिकसारख्या पॉलिमरचे बुश, ज्यात फिरणारं काहीच नसतं आणि कॅरेज नुसती घसरते. रोलरवाली कॅरेज बोटाच्या धक्क्याने लोण्यासारखी जाते, स्टुडिओत तिला तोड नाही. पण वाळूचा एक कण आत गेला की आधी बोटांना जाणवतो, मग कानांना, मग फुटेजमध्ये. करकर असा बारीक आवाज येतो आणि दर काही सेंटीमीटरला फ्रेमला सुईच्या टोकाएवढा हिसका बसतो. पॉलिमरचे बुश धुळीला जास्त सोसतात, कारण त्यांना ग्रीस लागत नाही आणि ग्रीस नसलं की धूळ चिकटत नाही. जर्मनीच्या इगस कंपनीचे असे सुके बुश अनेक स्लायडरमध्ये असतात. त्यांचा तोटा असा की कॅरेज हलायला सुरुवात होताना थोडी अडते आणि मग एकदम सुटते. अगदी सावकाश शॉटमध्ये तो सुरुवातीचा धक्का दिसतो.

या बुशांचा एक नियम लक्षात ठेवा. कॅरेजवर पुढच्या-मागच्या बुशांमध्ये जितकं अंतर, त्याच्या दुपटीहून जास्त लांबून जोर लावला की बुश रेलला आवळतात आणि कॅरेज अडखळते. आता कॅमेरा आपण धरतो कुठे? वरच्या हँडलला, म्हणजे रेलपासून वीत-दीड वीत वर. लोक तिथून ढकलतात आणि स्लायडर खराब आहे म्हणतात. दोन बोटांनी खाली कॅरेजलाच ढकलून बघा, तोच स्लायडर वेगळा वाटेल. सवय लागेपर्यंत मी कॅरेजला एक दोरी बांधून ओढायचे. ती युक्ती अजूनही उपयोगी पडते.

कुठलंही बेअरिंग असो, रेलला ओलं तेल लावू नका. बाहेरची धूळ आणि तेल मिळून घासकागद तयार होतो. शूट संपलं की ब्लोअर मारायचा, मऊ ब्रशने कोपरे झाडायचे, कोरड्या फडक्याने रेल पुसायची आणि मगच कॅरेज हलवायची. खारी हवा असेल तर फडकं गोड्या पाण्यात पिळून एकदा फिरवायचं आणि पूर्ण सुकू द्यायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण थकल्यावर हेच राहून जातं.

हाताने की मोटरने? बेल्टला जोडलेलं जड फ्लायव्हील असेल तर हाताने फार सुंदर शॉट निघतात, कारण सुरुवात आणि शेवट दोन्ही ते चाक मऊ करतं. माणूस चालत येतोय, वारा थांबतोय, ढग सरकतोय, हे बघत वेग बदलता येतो. मोटरला ते कळत नाही. तिची जागा वेगळी आहे. एक म्हणजे टाइमलॅप्स, ठराविक वेळाने एकेक फ्रेम घेऊन केलेला वेगवान व्हिडिओ: ६० सेंमीत ३०० फ्रेम घ्यायच्या तर दर फ्रेमला फक्त २ मिमी सरकायचं. ६ सेकंदांच्या अंतराने याला अर्धा तास लागतो आणि हाती येतात २५ फ्रेमच्या हिशेबाने १२ सेकंद. हे हाताने होणारं काम नाही. दुसरं म्हणजे एकट्याने मुलाखत घेताना दुसरा कॅमेरा आपोआप मागेपुढे सरकत ठेवणं. तिथे मोटरचा आवाज ऐकून घ्या, शांत जागी माइकमध्ये तो येतो. बॅटरी सोनीच्या एनपी-एफसारख्या सर्वत्र मिळणाऱ्या प्रकारची असावी किंवा पॉवर बँकवर चालावी. खास त्याच कंपनीची, आत बसवलेली बॅटरी डोंगरावर संपली की मोटर नुसतं वजन होते, आणि थंडीत लिथियम बॅटऱ्या लवकर मान टाकतात. विमानाने जात असाल तर सुट्या बॅटऱ्या केबिनच्या बॅगेत ठेवाव्या लागतात. १०० वॅट-तासांच्या आतल्या नेता येतात, १०० ते १६० वॅट-तासांच्या बॅटऱ्यांना एअरलाइनची परवानगी लागते, त्याहून मोठ्या नेता येत नाहीत.

एका ट्रायपॉडवर रेलच्या दुप्पट अंतर जाणारे स्लायडरही मिळतात, एडलक्रोनने ही रचना बरीच लोकप्रिय केली. त्यात कॅरेजबरोबर रेलही त्याच दिशेने सरकते. बॅगेत लहान, शॉटला मोठा, म्हणून प्रवासाला छान. पण टोकाला कॅमेरा हवेत लटकतो, तेव्हा वर सांगितलेला पीळ इथे जास्त. हलक्या कॅमेऱ्यालाच घ्या.

वजनाची क्षमता वाचताना ती आडव्या रेलची आहे की उभ्या, हे बघा. मोटरची उभी क्षमता आडव्याच्या मानाने खूपच कमी असते. आणि वजन नुसत्या कॅमेऱ्याचं धरू नका. लेन्स, हेड, मॉनिटर, माइक, भर उन्हात १/५० शटर ठेवायला लागणारा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) आणि मॅट बॉक्स (लेन्सवरचं ऊन अडवणारी चौकट), सगळं लावून वजनकाट्यावर ठेवा. आलेल्या आकड्याच्या दुप्पट क्षमता असलेला स्लायडर घ्या, वारा सुटला की ती कामी येते. कॅमेऱ्यातलं सेन्सर स्टॅबिलायझेशन स्लायडरवर बंद ठेवा. ते सावकाश सरकणं म्हणजे हाताचा कंप समजून चित्र धरून ठेवतं आणि मग अचानक सोडतं.

घेण्याआधी ही एक चाचणी जरूर करा. कॅरेजवर तुमच्या किटच्या वजनाइतकं ओझं ठेवा, त्यावर लहान लेसर पॉइंटर चिकटवा, त्याचं तोंड रेलच्याच दिशेने ५ मीटरवरच्या भिंतीकडे करा. डोळ्यांच्या उंचीवर नको, आणि समोर कुणी नसताना. मग कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. ठिपका जागचा हलता कामा नये. कॅरेज अंशाच्या फक्त दहाव्या भागाने झुकली तरी तो जवळपास ९ मिमी सरकतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसतो. आधी रेल पायांवर ठेवून करा, मग ट्रायपॉडवर मधोमध लावून. दोन्हींतला फरक बघितलात की कुठला स्लायडर घ्यायचा ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

शक्य असेल तर एक दिवस भाड्याने आणून खऱ्या लोकेशनवर न्या आणि बॅग उघडल्यापासून पहिला टेक सुरू होईपर्यंत किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघा. माझ्या कामात हा वेळ चार मिनिटांच्या वर गेला की तो स्लायडर दुसऱ्या दिवशी गाडीतच राहतो.