पुण्यातील स्थानिक बिअर चाखू लागलेल्या नवख्यास

देशातील आरंभीच्या मायक्रोब्रुअरींपैकी (जागेवरच थोडी थोडी बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांपैकी) एक असलेली डूलाली २००९ मध्ये पुण्यातच सुरू झाली, त्यामुळे इथल्या बिअरविषयी तुम्हाला वाटणारा अभिमान अगदी रास्त आहे. मात्र गावचे प्रेम आणि पेल्यातील चव यांचा निवाडा वेगवेगळा करावा. वय २१ पूर्ण असावे आणि गाडी घरी ठेवावी, हे सांगण्याची गरज नसावी.

सुरुवातीला एवढेच सांभाळा:

- नवी बिअर आली की थेट मोठा मग मागवू नका. लहान पेल्यांचा सॅम्पलर घ्या, आणि सौम्य बिअरपासून कडवटाकडे जा. बरेच नवखे आरंभीच आयपीए ही कडवट बिअर घेतात, त्या कडूपणाने जीभ बधिर होते आणि नंतरची हेफेवायझन, म्हणजे जर्मन धाटणीची गव्हाची बिअर, त्यांना पाणचट लागते. वास्तविक तिच्यात केळ्याचा व लवंगेचा गंध असतो, आणि तो केळे किंवा लवंग न घालता, केवळ बिअर आंबवणाऱ्या यीस्टमुळे येतो.
- बर्फासारखी गार बिअर मागू नका. गारठ्यात गंध दबतो. स्टाउट, म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी बिअर, तर जरा कमी गार होऊ द्यावी.
- सोबत झणझणीत चखणा नको, खारे शेंगदाणे पुरेत.

आंबा, कोकम अशी नावे वाचून भुलण्याआधी त्याच ठिकाणची साधी लागर (थंड तापमानात आंबवलेली बिअर) किंवा गव्हाची बिअर चाखा, कारण तिथे कारागिराला दोष लपवता येत नाही. हॉप्सच्या (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांच्या) जाती आणि कडूपणाचे आकडे तूर्त बाजूला ठेवा.