दृष्टिहीन बहिणीसाठी पुस्तक स्कॅन केलं तर कॉपीराइटचा भंग होतो का?

विकत घेतलेलं एम.ए.चं पुस्तक स्कॅन करून बहिणीला फाइल द्यायला प्रकाशकाची परवानगी लागते का, आणि तीच फाइल वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

परवानगी लागत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ५२(१)(झेडबी) याचसाठी आहे. अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कोणीही ब्रेल, ऑडिओ किंवा युनिकोड (कोणत्याही संगणकाला वाचता येणाऱ्या मजकुराची) प्रत करू शकतो. त्यासाठी संस्था काढायची गरज नाही. खासगी वापर, शिक्षण किंवा संशोधनासाठी ती दुसऱ्या अपंग व्यक्तीलाही देता येते. नफा मात्र घ्यायचा नाही, निर्मितीचा खर्च तेवढा घेता येतो. नफ्यावर करायचं असेल तर ३१बी कलमाखाली परवाना काढावा लागतो, ती भानगड तुम्हाला नको.

वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. डोळस विद्यार्थ्यांना ही सवलत नाही, आणि एकदा पीडीएफ तिथे गेली की ती झेरॉक्सच्या दुकानात पोचलीच म्हणून समजा.

आधी सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा, कदाचित आयतंच मिळेल. नसेल तर ३०० डीपीआयवर, ग्रेस्केलमध्ये, एकेक पान वेगळं स्कॅन करा. जोडपान एकत्र घेतलं की शिवणीजवळच्या ओळी वाकतात आणि ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं तंत्र, तिथेच चुकतं. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्राममध्ये मराठीचा डेटा वेगळा घालावा लागतो. मग तपासणी, आणि खरा वेळ तिथेच जातो: ‘घर’चं ‘धर’ होतं, ‘भ’चा ‘म’, रफार गळतो. पानाच्या माथ्यावरचं प्रकरणाचं नाव दर पानाला वाक्याच्या मध्येच येतं, ते काढा. पानांचे आकडे मात्र ठेवा, संदर्भ देताना तिला लागतील. शीर्षकं नुसती ठळक करू नका, हेडिंग स्टाइल लावा. तरच एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) ‘एच’ दाबून प्रकरणावर उडी मारता येते.

कायद्याने गरज नसली तरी प्रकाशकाकडे मूळ फाइल मागून बघायला हरकत नाही, स्कॅनिंग वाचेल. फक्त ती श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर पडद्यावर मराठी दिसतं आणि स्क्रीन रीडर मात्र अगम्य इंग्रजी अक्षरं वाचतो. त्या फाँटच्या कन्व्हर्टरमधून ती युनिकोडमध्ये आणा आणि निदान पहिली दहा पानं पुस्तकाशी ताडून बघा. जोडाक्षरं बिघडलेली असली तर तिथेच कळतं.