अंगावरचं दूध काढून ठेवलं तर किती वेळ चालतं? बाळाने अर्धवट टाकलेलं दूध पुन्हा पाजता येतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळ साडेपाच महिन्यांचं आहे, पुढच्या महिन्यात बीडला पतसंस्थेत रुजू व्हायचंय, घरात एका दाराचा फ्रिज आहे आणि सासूबाई म्हणतात, शिळं दूध लेकराला देऊ नका. मी परभणीची, कचेरीत नोकरी करते. माझी मुलगी सात महिन्यांची असताना ऐन एप्रिलात मी कामावर परतले, त्यामुळे तुमची धास्ती मला कळते.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. बाळाचं तोंड लागलेलं दूध पाजणं थांबल्यापासून दोन तासांच्या आत पाजून संपवा, नाहीतर टाकून द्या. ते परत फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. बाळाच्या तोंडातले जंतू त्या दुधात गेलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात मी तर दोन तासही थांबले नसते. म्हणून एकदम मोठी वाटी भरू नका. पन्नास-साठ मिली काढा, बाळाने अजून मागितलं तर अजून घ्या. इतक्या कष्टाने काढलेलं दूध मोरीत ओतताना जीव तुटतो.

ताजं काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खरंच आहे, पण तो आकडा साधारण २५ अंशांच्या खोलीचा आहे. आपल्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात एप्रिल-मेमध्ये दुपारी काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. बाहेर ४२ असताना कूलरसमोरची खोलीसुद्धा २५ वर येत नाही. म्हणून उन्हाळ्यात माझा नियम एकच होता: काढलं की लगेच पाजायचं, नाहीतर लगेच फ्रिजमध्ये. चार तासांची सवलत हिवाळ्यासाठी ठेवा.

फ्रिजमध्ये, म्हणजे ४ अंशांच्या आसपास, दूध चार दिवस चालतं. दारातल्या कप्प्यात ठेवू नका, दार उघडलं की तिथे गरम हवा लागते. आत, मागच्या बाजूला ठेवा. वेगळं दार असलेल्या, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये सहा महिने उत्तम राहतं. एका दाराच्या फ्रिजमधला वरचा बर्फाचा कप्पा तितका थंड होत नाही, तिथे दोन आठवड्यांपलीकडे ठेवू नका. आणि तुमच्याकडे लाईट वारंवार जात असेल तर मी म्हणेन, साठा करूच नका. आज काढलेलं उद्या पाजायचं, एवढंच चक्र पुरे. लाईट गेली की फ्रिज उघडायचा नाही असं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. दार बंद राहिलं तर गारवा साधारण चार तास टिकतो. गोठलेल्या दुधात बर्फाचे कण शिल्लक असतील तर ते पुन्हा गोठवता येतं. पूर्ण वितळलेलं मात्र फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही.

आता सासूबाईंचं. माझ्या सासूबाईही हेच म्हणायच्या, आणि त्यांची काळजी खोटी नव्हती. गाई-म्हशीचं दूध न तापवता ठेवलं की नासतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. त्या म्हणाल्या, मग हेही तापवून ठेवू का? मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे सोबत नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की आईच्या दुधात जंतूंची वाढ रोखणारे घटक असतात, आणि उकळलं की तेच मरतात. त्या दिवसापासून माझ्यापेक्षा त्याच जास्त काटेकोर झाल्या, डब्यांवर तारीख लिहायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. तुम्हीही त्यांना आधीच दाखवून ठेवा की थंड झालेल्या दुधावर सायीसारखा थर येतो, खाली निळसर पाणी दिसतं. ते फाटलेलं नसतं. डबा हलकेच गोल फिरवला की एकजीव होतं.

वासाचंही सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या गोठवलेल्या दुधाला साबणासारखा वास यायचा. खराब झालं समजून मी एका सकाळी पाच डबे ओतून दिले आणि कामावर जाईपर्यंत रडत होते. नंतर कळलं की दुधातलं लायपेज नावाचं विकर स्निग्धांश फोडतं, त्याचा तो वास. दूध चांगलं असतं, पुष्कळ बाळं मुकाट पितात. पिणार नसेल तर पुढच्या वेळी काढल्याबरोबर कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापवून, लगेच गार करून ठेवायचं. त्यात थोडं सत्त्व जातं, म्हणून गरज पडली तरच. आंबट, नासका वास आला तर मात्र टाकून द्या.

कोमट करायला वाटीत गरम पाणी घेऊन त्यात डबा ठेवा. गॅसवर नको, मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच; एखादा घोट इतका कढत राहतो की तोंड भाजेल. ताजं कोमट दूध थेट गोठलेल्यावर ओतू नका, आधी फ्रिजमध्ये गार करा. डबा काठोकाठ भरू नका, गोठल्यावर दूध फुगतं.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं बरं. घासायला सोपं, जंतू दडायला जागा नाही. रोज उकळून घ्या.

कामावर दोनदा तरी दूध काढा, नाहीतर छाती दगडासारखी होते आणि दूधही आटत जातं. मला जागा नव्हती. मी रेकॉर्ड रूमला आतून कडी लावून बसायचे. तुम्ही रुजू व्हायच्या आधीच जागा मागून घ्या. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोन वेळा यासाठी वेळ मिळावा असं कायद्यातच आहे, तेव्हा संकोच करू नका. तिथे फ्रिज नसेल तर गोठवलेले आइस पॅक घातलेली थर्मलची पिशवी न्या.

हे सगळं पूर्ण दिवसांच्या, तब्येतीने ठणठणीत बाळासाठी. तुमचं लेकरू कमी दिवसांचं किंवा आजारी असेल तर डॉक्टर सांगतील तेच वेळापत्रक पाळा.

आणि रुजू व्हायच्या आठवडाभर आधी सासूबाईंना एकदा वाटीने पाजून बघू द्या. त्या वेळी तुम्ही शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बसा, कारण आईचा वास आला की लेकरू वाटीकडे बघतच नाही.