सिंगापूर जवळ आहे, पण तुझा बॉस कुठे बसतो?

तू लिहिलंयस की हिंजवडीत बारा वर्षं झाली, आता सिंगापूरला एका बँकेत व्हीपीची (व्हाइस प्रेसिडेंट) ऑफर आहे, ऑफिस चांगी बिझनेस पार्कात, बायको मगरपट्ट्यात एचआरला, मुलगी चार वर्षांची, आईबाबा कोल्हापूरला. अमेरिका लांब म्हणून नको, सिंगापूर कसं साडेपाच तासांत, कधीही घरी येता येईल, तर जाऊ का? अरे, मी 2014 ला निघालो तेव्हा सांगलीला आईला हेच सांगितलं होतं, की मुंबईहून सांगलीला यायला एसटीला यापेक्षा जास्त वेळ लागतो. ते खरंच आहे, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

पैशाचं आधी उरकतो. टॅक्स कमी, सीपीएफ, म्हणजे इथला पीएफ, परदेशी माणसाचा कापत नाहीत (म्हणजे म्हातारपणाची सोय पण तूच बघायची), भाडं मात्र जीव काढतं, आम्ही चांगीजवळ सिमेईला दोन बेडरूमचे महिन्याला 3800 सिंगापूर डॉलर देतो. तरी शिल्लक पडते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार घड्याळाची आहे. इथली वेळ भारताच्या अडीच तास पुढे, म्हणजे सकाळी नऊला हाँगकाँगबरोबर दिवस सुरू, चार-पाचला लंडन उघडतं, आणि तू जेवायला बसतोस तेव्हा न्यूयॉर्क. उन्हाळ्यात त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे इथले रात्रीचे नऊ, नोव्हेंबरात त्यांनी घड्याळ मागे घेतलं की दहा. रीजनल रोल, म्हणजे अनेक देशांचं काम, म्हटला की तू या सगळ्यांच्या मधे अडकलास, आणि सगळ्यांना वाटतं की हा जागाच आहे. शनिवारी रिलीज (नवं सॉफ्टवेअर चालू करायचं) असतो तो वेगळाच.

तू म्हणशील नाही म्हणायचं ना. बोलायला सोपं आहे. इथल्या एम्प्लॉयमेंट अ‍ॅक्टमधे कामाच्या तासांचा आणि ओव्हरटाइमचा जो भाग आहे तो कमी पगाराच्या लोकांसाठी आहे, मॅनेजर मंडळींना तो लागूच नाही. डिसेंबर 2024 पासून फ्लेक्सिबल वेळेचा अर्ज कंपनीने विचारात घ्यावा अशा गाइडलाइन्स आल्यात, पण विचारात घेणं आणि देणं यात फरक आहे हे तुला हिंजवडीवाल्याला काय सांगायचं. आणि खरी मेख पास. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे परदेशी माणसाचा नोकरीचा परवाना, कंपनीच्या नावावर, नोकरी गेली की पास रद्द, मग हातात साधारण 30 दिवस, त्यात दुसरी नोकरी शोध नाहीतर भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, मुलाची शाळा, सामान सगळं गुंडाळून निघ. हे डोक्यात असलेला माणूस रात्री दहाच्या कॉलला नाही म्हणत नाही रे, पुण्यात म्हणाला असता.

2019 ला बाबांची अँजिओप्लास्टी ठरली. शुक्रवारी रात्री निघालो, शनिवारी दुपारी सांगलीत हॉस्पिटलला, बघ किती जवळ! आणि त्याच शनिवारी आमचा रिलीज. मी जिन्यात पायरीवर बसून मांडीवर लॅपटॉप, फोनचा हॉटस्पॉट, नर्स दोनदा विचारून गेली पेशंटचं कोण आहे, मी हात वर करून "एक मिनिट" केलं. संमतीच्या फॉर्मवर सही बहिणीने केली. मी तेव्हा "येस, आय कॅन सी युअर स्क्रीन" म्हणत होतो. आणि गंमत सांगू का, त्या कॉलला मला कोणी बोलावलंच नव्हतं. रजा मंजूर होती. मीच जॉइन झालो, कारण अप्रेझल महिन्यावर आलेलं आणि पास त्याच वर्षी रिन्यू व्हायचा होता. बाबा ठणठणीत आहेत आता, ते काही बोलले नाहीत. बहीण अजून बोलते.

घरातलं म्हणशील तर मुलगा तीन वर्षांचा असताना माझ्याशी बोलायच्या आधी आईला विचारायचा, "बाबा म्यूट आहे का?" आम्ही हसायचो, मित्रांना सांगायचो. दिवसभर त्याच्याबरोबर घरात राहणारी हेल्पर, फिलिपिन्समधल्या मिंदानाओची, भली बाई, तो झोपायचा तिच्याजवळ आणि आजारी पडला की तिलाच हाक मारायचा. (हेल्परची लेव्ही, म्हणजे सरकारी कर, भरावी लागते, नागरिकांना मिळते ती सवलत आपल्याला नाही.) गणपतीला सरकारी सुट्टी नाही, दिवाळीला एक दिवस, भाऊबीज व्हिडिओवर.

आता तुझ्या बायकोचं, हे नीट वाच. माझी बायको आली तेव्हा डिपेंडंट पासवर (नवरा किंवा बायको म्हणून मिळणारा पास) असलेल्याला साधं संमतीपत्र काढून नोकरी करता यायची. मे 2021 पासून ते बंद. आता तिला स्वतःचा वर्क पास लागेल, म्हणजे तिला घेणारी कंपनी हवी, एम्प्लॉयमेंट पास हवा तर पगार 2025 पासून महिन्याला किमान 5600 डॉलर, वय वाढेल तसा तो आकडाही वाढतो, आणि 2023 पासून कॉम्पासचे पॉइंट्स (पगार, शिक्षण वगैरे बघून गुण देतात). एचआरला बाहेरून माणूस आणायला कंपन्या फार उत्सुक नसतात असं माझं निरीक्षण आहे. म्हणजे तू रात्री अकराला लॅपटॉप मिटणार आणि ती दिवसभर घरात, हे गृहीत धरूनच ठरव. आईबाबांना लाँग टर्म पासवर आणायचं तर तुझा महिन्याचा फिक्स पगार किमान 12000 डॉलर हवा, नाहीतर व्हिजिटवर साधारण महिनाभर.

पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, नंतर बघू. तुला मुलगी आहे म्हणून एक कटकट वाचली, आमच्यासारखा मुलगा आपल्याबरोबर पीआर झाला की पुढे त्याला दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी वगैरे सेवा. आमच्या घरी हा वाद तीन वर्षं चालू आहे, अर्ज ड्रॉवरमधे आहे.

मी जाऊ नको म्हणत नाहीये. मीही अजून इथेच आहे ना. दोन वर्षांपूर्वी टीम बदलली, नवा बॉस इथेच बसतो, पगारवाढ थोडी कमी मिळाली पण साडेसातला घरी असतो आणि मुलाचं गणित मी घेतो. म्हणून सही करायच्या आधी एचआरला नाही, तुझ्या होणाऱ्या मॅनेजरला थेट विचार, तुम्ही कुठल्या शहरात बसता, टीमचा शेवटचा कॉल किती वाजता संपतो, महिन्यात किती शनिवार जातात. तो गोलगोल बोलायला लागला तर समजून जा.

आणि हे बायकोलाही वाचायला दे. तिला पासचं आधीच माहीत असेल तर उत्तमच, माझ्या ओळखीतल्या चौघींना ते चांगी विमानतळावर उतरल्यावर कळलं.